बॉयलर कोठे आहे? पेण-रोह्याच्या काठावरून वाफेच्या शक्तीचा विचार

वाफेच्या शक्तीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली, साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली गाडी हा त्या कथेचा महाराष्ट्रातील ठरलेला प्रारंभ असतो आणि घाट, पूल, बोगदे ओलांडत आकुंचन पावणारी अंतरे हा तिचा विस्तार असतो. ही कथा खोटी नाही. पण ती रुळांच्या बाजूने सांगितलेली आहे. पेणजवळची रामवाडी, धरमतरची खाडी, नागोठणे आणि रोहा या पट्ट्यातून पाहिल्यास तिचे दुसरे रूप दिसते. या पट्ट्यात वाफ प्रथम रुळांवरून आली नाही, पाण्यावरून आली. पेण आणि रोहा रेल्वेच्या नकाशावर आले तेव्हा भारतात वाफेच्या इंजिनांची निर्मितीही थांबलेली होती. तरीही येथील माणसे, येथील नद्या आणि येथले दिनमान वाफेने बदलले. ज्या प्रदेशातून इंजिन धावलेच नाही तो प्रदेशही इंजिनामुळे बदलत असेल, तर वाफेच्या शक्तीचे मर्म वेगात शोधून भागणार नाही. माणसे, इंधन, पाणी आणि भांडवल एका ठिकाणी गोळा करण्याची तिची क्षमता, म्हणजे केंद्रीकरण, हे तिचे अधिक खोलवरचे कार्य होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

या क्षमतेचे मूळ वाफेच्या भौतिक स्वभावात आहे. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापवण्यास सुमारे १०० कॅलरी उष्णता लागते, परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी खर्च होतात, आणि या दुसऱ्या टप्प्यात तापमान मुळीच वाढत नाही. तापमापकावर न दिसणाऱ्या या उष्णतेला सुप्त उष्णता म्हणतात. मोदकपात्रातील मोदक खालच्या पाण्याला न शिवताही शिजतात ते यामुळेच: वाफ थंड उकडीवर टेकते, तिचे पुन्हा पाणी होते आणि तिने साठवलेली सुप्त उष्णता पिठाला मिळते. पाण्याची वाफ झाली की सामान्य दाबाखाली तिचे आकारमान सुमारे सोळाशे पट होते, आणि तीच वाफ बंद भांड्यात थंड केली की तेथे जवळजवळ पोकळी उरते. टॉमस न्यूकोमेनने १७१२ मध्ये खाणीतील पाणी उपसण्यासाठी उभारलेले यंत्र या पोकळीवरच चालत होते. त्यात दट्ट्याला ढकलण्याचे खरे काम वाफ करीत नसे, बाहेरच्या हवेचा दाब करीत असे. जेम्स वॉटला १७६५ मध्ये सुचलेली सुधारणा म्हणजे वेगळा संघनक, अर्थात वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरबाहेर ठेवलेले स्वतंत्र पात्र. त्यामुळे प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड करून पुन्हा तापवण्यात वाया जाणारे इंधन वाचले. शाळकरी पुस्तकांत मात्र वॉटच्या नावाशी जोडली गेली ती किटलीचे झाकण उडवणाऱ्या वाफेची गोष्ट. कल्पनेने हलणारे झाकण उचलले आणि इंधनाचा हिशेब मागे ठेवला. वाफेविषयीच्या लोकप्रिय समजुतीत पुढेही असेच घडत राहिले.

इंधनाच्या या हिशेबातूनच वाफेची सामाजिक रचना उभी राहिली. वाफ तयार करणारे बंद, दाब सोसणारे पात्र म्हणजे बॉयलर, ज्याला मराठीत बाष्पित्र असेही म्हणतात. बॉयलर जितका मोठा, तितके त्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ कमी आणि म्हणून वाया जाणारी उष्णताही प्रमाणात कमी. त्यामुळे दहा लहान बॉयलरांपेक्षा एक मोठा बॉयलर परवडतो. शिवाय वाफ फार दूर नेता येत नाही, कारण नळातच ती थंड होऊन तिचे पाणी होते. इंजिनाने फिरवलेला मुख्य दांडा, त्यावरचे पट्टे आणि दोरखंड जेथवर पोहोचतील तेथवरच यंत्रे मांडता येतात, आणि कोळसा ज्या बंदरावर उतरतो त्याच्या जवळच हे सारे उभारणे सोयीचे पडते. वारा किनाऱ्यावर सर्वत्र वाहतो, बैल प्रत्येक गावात असतो, ओढ्यावरचे पाणचक्कीचे चाकही ओढा असेल तेथे फिरते. परंतु बॉयलर ज्याच्याकडे भांडवल, कोळसा आणि बंदर आहे त्याच्याच अंगणात बसतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झालेल्या कापडगिरणीनंतर मुंबईत जे गिरणगाव वाढत गेले, त्यामागे कापसाचा व्यापार आणि व्यापाऱ्यांचे साहस होतेच. पण शेकडो चाती आणि माग एका छपराखाली आणण्याची सक्ती मात्र वाफेची होती.

या केंद्राकडे जाणारे रस्ते वाफेने निवडक दिशांनी बांधले. १८५६ मध्ये लोहमार्ग आज रायगड जिल्ह्यात असलेल्या खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर तो पठारावर चढला, कारण इंग्लंडच्या गिरण्यांना हवा असलेला कापूस पठाराच्या पलीकडे पिकत होता. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या खारेपाटाकडे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्याकडे, रूळ वळवण्याचे कारण त्या हिशेबात नव्हते. याच सुमारास, १८५७ मध्ये, पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीतून मुख्यत्वे पायी फिरले; त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईजवळ इंजिन धावू लागून चार वर्षे झाली होती, तरी वरसईच्या भिक्षुकाचे जग चालण्याच्या गतीनेच मोजले जात होते. नवे युग एका तारखेला सर्वांसाठी सुरू होत नाही, याचा याहून चांगला दाखला या तालुक्यात सापडणे कठीण. रेल्वे कंपन्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि तिचा भार अखेर करदात्यांवर पडत होता. रुळांच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या शेतकऱ्याच्या गावावरून रूळ जातीलच असे नव्हते, म्हणून दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रेल्वेच्या लाभ-हानीचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा तो यंत्राला केलेला विरोध नव्हता. यंत्र कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या सोयीने चालते, ही विचारणा होती.

पेण-रोह्याचा वाफेशी खरा परिचय झाला तो आगबोटीतून. मुंबईच्या गोदीने वाफेची नौका लवकरच ओळखली होती: येथेच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३० मध्ये सुएझकडे गेली, आणि गोदीतील वाडिया घराण्याच्या अर्देशीर कर्सेटजींनी १८३० च्या दशकात ‘इंडस’ या नौकेवर वाफेचे इंजिन बसवले; १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतरच्या दशकांत मुंबई, रेवस आणि धरमतर यांना जोडणारी आगबोट ही तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याची मुख्य वाट झाली. अलिबाग, पेण, नागोठणे आणि त्यापुढचा प्रवासी धक्क्यावर उतरून बैलगाडीने किंवा पायी पुढे जाई. शिडाच्या गलबताला वारा आणि भरती या दोहोंची मर्जी सांभाळावी लागत असे, आणि पावसाळ्यात तर समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत मिटलेलाच असे. इंजिनाने वाऱ्याची मर्जी संपवली. कोकणच्या लांबच्या बंदरांना जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद राहत, पण बंदराच्या आतली रेवसची वाहतूक आषाढातही चालू राहू शकली. समुद्राचे पंचांग जाऊन त्या जागी कंपनीचे वेळापत्रक आले, आणि निसर्गाच्या नियमाऐवजी माणसाच्या वचनावर विसंबण्याची सवय लागली.

हे वचन किती महाग पडू शकते हे १७ जुलै १९४७ रोजी दिसले. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गटारी अमावास्येसाठी घरी निघालेल्या नोकरदारांची त्यात मोठी संख्या होती. ‘रामदास’ स्वदेशी चळवळीच्या भावनेतून निघालेल्या, ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहकारी कंपनीच्या मालकीची होती. परकीय कंपनीच्या जागी आपली कंपनी आली, बोटीला संताचे नाव मिळाले, तरी शक्तीचा आकृतिबंध बदलला नव्हता: रोजगार खाडीच्या एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला आणि या दोहोंमध्ये सणाच्या दिवशी एकाच बोटीवर लोटणारी गर्दी. या दुर्घटनेस वादळ कारण होतेच. परंतु इतकी माणसे त्या एका सकाळी त्या एका वाटेवर का होती, या प्रश्नाचे उत्तर हवामानात मिळत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत कामगार पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा आघाडीवर होता आणि कुलाबा, सातारा, पुणे हे जिल्हेही त्यात सामील होते. येथे असा आक्षेप घेता येईल की ही माणसे वाफेने ओढली नाहीत, गावाने ढकलली. आक्षेपात तथ्य आहे. खोतीच्या पद्धतीत कुळाच्या हाती पिकाचा किती थोडा वाटा उरत असे, हे धरमतर खाडीच्या पलीकडे चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाने जगासमोर आणले. परंतु ढकलले जाणे आणि ओढले जाणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. कर्जबाजारी कुळ पूर्वीही गाव सोडत असेल. मात्र हजारो माणसांना एकाच बेटावर, एकाच पेशात, भोंग्याच्या एकाच हाकेवर उभे करण्याची व्यवस्था पूर्वी नव्हती. गिरणीचा भोंगा वाफेवर वाजत असे आणि चाळीतील झोपेची वेळ ठरवीत असे. त्याच भोंग्यामुळे खाडीकाठच्या घरातील पेरणी, लग्न आणि गणपतीही रजेच्या हिशेबात बसवावे लागत. दुसरीकडे, याच गर्दीने आगबोटीच्या डेकवर आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात जातींची जुनी अंतरे काही प्रमाणात मोडली, रोख मजुरी दिली आणि संघटित होण्याची जागाही दिली. केंद्रीकरण हे एकांगी पाप नव्हे. त्याने लादलेल्या शिस्तीतूनच त्याला आव्हान देणारी कामगार चळवळ उभी राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केंद्रीकरण हा वाफेचा स्वभाव असेल, तर वीज आल्यावर ते सैल व्हावयास हवे होते, कारण तारेतून शक्ती गावोगाव नेता येते. या प्रश्नाची परीक्षा रायगडच्याच भूमीवर झाली. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी सह्याद्रीवरून खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज निर्माण केली, त्यानंतर भिवपुरीला आणि १९२७ मध्ये रोह्याच्या वर, कुंडलिकेच्या खोऱ्यात, भिरा येथे. मुंबईच्या गिरण्यांतील बॉयलर हळूहळू निवृत्त झाले ते या विजेमुळे. भिऱ्याला येणारे पाणी मुळशीच्या धरणातले. त्या धरणाखाली जाणाऱ्या गावांसाठी १९२१ पासून सेनापती बापट यांनी सत्याग्रह चालवला आणि तो अपयशी ठरला. वीज भिऱ्याला निर्माण झाली, पण ती मुंबईकडे गेली, कारण तिची वाट पाहणारे कारखाने वाफेने आधीच तेथे जमा करून ठेवले होते. यावरून केंद्रीकरण केवळ भौतिकशास्त्राने घडते हा समज सोडावा लागतो. वाफेने एकदा घातलेला साचा नंतरच्या शक्तीने गिरवला, आणि साचा बदलण्यासाठी लागणारा निर्णय कोणी घेतला नाही, हे अधिक अचूक विधान होय.

या पाण्याचा पुढचा प्रवास उद्बोधक आहे. भिऱ्याच्या जनित्रांतून सुटलेले पाणी कुंडलिकेतून कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्याशी येते; तेथून ते शेतीला जाते आणि रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीलाही मिळते. धाटावमध्ये रसायनांचे कारखाने आहेत आणि अशा कारखान्यांचा प्राण बॉयलर असतो. दहा वातावरणांच्या दाबाखाली पाणी सुमारे १८० अंश सेल्सिअसला उकळते; ही वाफ अभिक्रियापात्राभोवतीच्या दुहेरी भिंतीत सोडली की ती एकाच तापमानाला संघनित होत जाते आणि आपली सुप्त उष्णता सर्वत्र सारखी देते, म्हणून ऊर्ध्वपातन, सुकवणे आणि नियंत्रित अभिक्रिया यांसाठी तिला सहज पर्याय नसतो. ज्या पाण्याने मुंबईतील वाफ हटवली, तेच पाणी साठ-सत्तर किलोमीटर अलीकडे पुन्हा वाफ होऊन कामाला लागते. वाफेचे युग संपले हे विधान म्हणूनच केवळ रेल्वेपुरते खरे आहे. कोळशाचे औष्णिक केंद्र असो की १९६९ पासून चालू असलेले तारापूरचे अणुकेंद्र, उष्णता कोणत्याही मार्गाने आली तरी अखेरीस पाणी उकळून, वाफेने टर्बाइन म्हणजे पात्यांचे चक्र फिरवूनच वीज निघते. पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि लोहखनिज आज धरमतरच्या खाडीतूनच बार्जने येते. जी खाडी माणसांना बॉयलरकडे नेत असे, ती आता इंधन काठापर्यंत आणून देते.

असे असूनही मराठी कल्पनेत वाफ म्हणजे आगीनगाडी. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, तेव्हा शहराच्या नव्या नवलाईत आगगाडी होती तशाच गिरण्याही होत्या; पुढच्या पिढ्यांच्या स्मरणात मात्र गिरणीच्या धुराड्याला दुःखाची आणि आगगाडीला आनंदाची जागा मिळाली. ग. दि. माडगूळकरांचे आगीनगाडीवरील बालगीत धूर सोडणारे इंजिन न पाहिलेली मुलेही म्हणतात. रायगड जिल्ह्यात या कल्पनेला एक मूर्त आधारही आहे: १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरानची अरुंद गाडी, जिची लहान जर्मन इंजिने वीस फुटांस एक फूट इतका तीव्र चढ चढत असत. सहल, सुट्टी आणि मामाचा गाव यांच्याशी जोडलेली वाफ प्रेमळ वाटते, यात नवल नाही. परंतु हीच कल्पना बॉयलरसमोर फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनला, आगबोटीच्या पोटातील खलाशाला आणि धाटावच्या पाळीवर दाबमापकाकडे डोळे लावून बसलेल्या बॉयलर अटेंडंटला वगळते. बॉयलर फुटतो तेव्हा काय होते याचा अनुभव घेऊनच १९२३ चा बॉयलर कायदा झाला, ज्याने नोंदणी, तपासणी आणि प्रशिक्षित देखरेख बंधनकारक केली. कायद्याने जे पात्र इतके धोक्याचे मानले, त्याला साहित्याने क्वचितच नायकत्व दिले, कारण ते जागचे हलत नाही.

या सर्व चर्चेत रामवाडीला स्थान आहे ते वाफेचा प्रतिपक्ष म्हणून. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या वस्तीत राज्य परिवहनाच्या रायगड विभागाचे विभागीय कार्यालय आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढच्या दशकांत जी गावे रुळांना कधी दिसलीच नाहीत त्यांच्यापर्यंत ती पोहोचली. हे डिझेल इंजिनाच्या रचनेमुळे शक्य झाले: त्यात इंधन सिलिंडरच्या आतच जळते, वेगळा बॉयलर लागत नाही, पाण्याची टाकी आणि कोळशाचा डबा ओढावा लागत नाही, आणि एक वाहन एका चालकाच्या हाती सोपवता येते. वाफेच्या रेल्वे-इंजिनाची कार्यक्षमता, म्हणजे जळलेल्या इंधनातील ऊर्जेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग, दहा टक्क्यांच्याही आत असे. डिझेलची त्याहून कितीतरी अधिक. तरीही केवळ यंत्र लहान झाल्याने एसटी वस्तीपर्यंत गेली असे नाही. तोट्यातल्या मार्गावरही गाडी सोडावी हा सार्वजनिक निर्णय त्यामागे होता. भिऱ्याच्या विजेकडे वाटून देण्याजोगी शक्ती होती, पण असा निर्णय नव्हता. रामवाडीच्या बसकडे दोन्ही होते. या दोन उदाहरणांतील फरक हाच या लेखाच्या प्रतिपादनाचा कस आहे: यंत्र शक्यता ठरवते, त्या शक्यतेची वाटणी समाज ठरवतो.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी यंत्रांचे वेळ वाचवणारी, संहारक आणि उत्पादक असे वर्ग केले आणि उत्पादक यंत्रांतही माणसाच्या श्रमाला पूरक असणारी व त्याला मारक ठरणारी असा भेद केला. हे वर्गीकरण यंत्र हवे की नको या निष्फळ वादातून बाहेर काढते, पण पेण-रोह्याचा अनुभव त्यात एक भर घालावयास सांगतो. तेच यंत्र एका ठिकाणी पूरक आणि दुसऱ्या ठिकाणी मारक असू शकते. मुंबईच्या मजुराला रोजगार देणारा बॉयलर खाडीकाठच्या घरातून वर्षाचे अकरा महिने माणूस काढून घेत होता, आणि गिरणीतील हवा धुरापासून सोडवणारी वीज मुळशीच्या शेतावर उभी होती. म्हणून यंत्राच्या गुणांबरोबर त्याचे स्थान विचारले पाहिजे: शक्ती कोठे निर्माण होते, कोठे वापरली जाते, आणि या दोन ठिकाणांमधले अंतर कोण चालतो. नव्या ऊर्जाप्रकल्पांची, बंदरांची आणि कारखान्यांची चर्चा आज याच खाडीच्या काठी होत आहे, आणि तिच्यात वेग, क्षमता व गुंतवणूक यांचे आकडे पुढे असतात. वाफेच्या दीडशे वर्षांनी शिकवलेली गोष्ट अशी की हे आकडे खरे असूनही अपुरे असतात. बॉयलर गावात आला म्हणजे केंद्र गावात आले असे होत नाही. त्याचे पाणी, त्याची राख, त्याची मजुरी आणि त्याच्याविषयीचे निर्णय यांतील किती वाटा गावाकडे राहतो, यावरच ते ठरते.